नगराध्यक्षांनी हात केला नाही

निवडणूक कशी जिंकायची हे मला कुणी शिकवू नये. पिंडरव्हिलच्या नगराध्यक्षपदाच्या दोन निवडणुका मी खुर्चीत बसून जिंकलोय. अक्षरशः खुर्चीत बसून! ना सभा, ना भाषणं, ना पत्रकं. ऑक्टोबर लागला की रोज संध्याकाळी चार ते सहा मी व्हरांड्यातल्या डुलत्या खुर्चीत बसतो आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला हात करतो. गाव साउथ कॅरोलिनातलं, वस्ती नऊशे, मुख्य रस्ता एकच, आणि तो माझ्या घरावरून जातो. आणखी काय पाहिजे माणसाला?

हात करणं ही तुम्हाला किरकोळ गोष्ट वाटत असेल, तर आमच्याकडे निवडणुकीला उभे राहू नका. स्टिअरिंगवरून एक बोट उचललं, म्हणजे 'पाहिलं बरं का'. चार बोटं उचलली, म्हणजे 'घरी सगळे बरे?' अख्खा हात खिडकीबाहेर आला, म्हणजे हा माणूस रविवारी चर्चमध्ये आपल्या शेजारी बसतो. आणि समोरच्याने हात केल्यावर आपण केलाच नाही तर? तर काय होतं ते मला माहीत नव्हतं, कारण गावात तसं कुणी कधी केलंच नव्हतं. गेल्या शरद ऋतूत मी केलं. म्हणजे, मी नाही केलं. सांगतो.

गेल्या वेळी माझ्याविरुद्ध मिस ओपल गँट उभ्या होत्या. या बाईंनी अडतीस वर्षं तिसरीच्या वर्गाला शिकवलं. गावातल्या निम्म्या मतदारांचे पाढे त्यांनी पाठ करून घेतलेत. माझेही. अर्ज भरला त्या दिवशी त्या स्वतः घरी सांगायला आल्या.

"होरेस, मी उभी राहतेय."

"वा! शुभेच्छा, मिस ओपल!"

"शुभेच्छा राहू देत. पाठीला पोक काढून बसू नकोस."

मी ताठ बसलो. पण घाबरलो नाही. बाईंच्या घरापुढे रस्ता नाही, गल्ली आहे. गल्लीत बसून हात कुणाला करणार?

माझी अडचण वेगळीच होती. माझा मेव्हणा डब. बायकोचा धाकटा भाऊ, वय वर्षं त्रेपन्न. मतदानाला पंधरा दिवस राहिले असताना त्याचा फोन आला.

"होरेस, क्रॅपी मासे काठाशी आलेत!"

"कधी?"

"रोज चार ते सहा. गळ टाकायच्या आधीच तोंड उघडून उभे आहेत रे!"

तुम्ही आमचं तळं ऑक्टोबरात पाहिलं नसेल. पाण्यावर लाल-पिवळी पानं तरंगतात, हवेत इतपतच गारवा की अंगात जाकीट असावं पण चेन लावू नये, मांडीवर उकडलेल्या शेंगांची ओली पिशवी. अशा वेळी व्हरांड्यात बसणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. आणि न बसणं म्हणजे खुर्ची गमावणं! दोन दिवस मी तळमळलो. मग गावच्या शरद मेळ्याचं पत्रक आलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. मेळ्यासाठी मुख्य रस्त्यावरच्या प्रत्येक घरापुढे एक बुजगावणं लावायचं असतं. स्पर्धा असते.

"व्हर्लीन," मी बायकोला म्हटलं, "यंदा आपलं बुजगावणं माझं कर."

"म्हणजे?"

"म्हणजे हुबेहूब मी! व्हरांड्यात, डुलत्या खुर्चीत!"

"आणि लोकांना फरक कसा कळणार?"

"कळूच नये ना!"

ती शिवणाची पेटी घ्यायला आत गेली.

व्हर्लीनच्या हाताला तोड नाही, हे मी नवरा म्हणून नाही सांगत, सगळा जिल्हा सांगतो. उशीच्या अभ्र्याचं डोकं, त्यावर माझा जुना चष्मा, माझी चौकड्यांची शर्ट-पँट, माझी हॅट. चेहऱ्यावर तिने दोऱ्याने असं हसू काढलं की मलाच उलट हसावंसं वाटलं. पोटात दोन पोती पेंढा गेला. मी म्हटलं, एक पुरे. ती म्हणाली, माप घेऊन भरलाय. भांडण झालं ते फक्त बुटांवरून. आमच्याकडे उन्हाळा सरला की पांढरे बूट घालणं म्हणजे गावभर हसं.

"पांढरे बूट? सप्टेंबर सरल्यावर? होरेस, लोक काय म्हणतील!"

"बुजगावण्याला कोण काय म्हणणार?"

सोमवारी पावणेचारला मी त्या दुसऱ्या होरेसला खुर्चीत बसवला आणि डबच्या ट्रकमधून निघालो. नऊ मासे मिळाले.

मंगळवारी सकाळी कॉफी प्यायला गेलो. कॉफीवाली ट्रूडी गेली सव्वीस वर्षं मला 'राजा' म्हणते. सगळ्यांनाच म्हणते. त्या दिवशी कप आपटून म्हणाली, "आणखी काही, साहेब?" साहेब! शेजारच्या स्टुलावर माझा शेजारी कॉय ब्लेलॉक बसला होता. मला पाहून त्याने स्टूल भिंतीकडे फिरवलं.

"काय झालं रे कॉय?"

"काही नाही, मेयर."

"अरे, सांग की!"

"काल संध्याकाळी मी हात केला. तीनदा केला, मेयर. तिसऱ्यांदा तर ट्रक थांबवून, खाली उतरून केला." "तुम्ही नुसते हसलात."

"आणि पांढऱ्या बुटांत!" ट्रूडी तिकडून म्हणाली.

आता इथे मी खरं सांगायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. मी तोंड उघडलंही होतं. पण मतदाराला सांगायचं काय? की बाबा रे, तू ट्रकमधून उतरून पेंढ्याला हात केलास? तेही साऱ्या कॉफी पिणाऱ्यांसमोर? असं मत मिळत नसतं. मी म्हटलं, "डोळ्यांचा नंबर वाढलाय," आणि पैसे ठेवून बाहेर पडलो.

घरी व्हर्लीन म्हणाली, "सरळ सांगून टाक."

"शनिवारी मेळ्यात सांगतो. बक्षीस घेताना. सगळे पोट धरून हसतील!"

"आणि आज चार वाजता?"

बाहेर डबने हॉर्न वाजवला.

त्या संध्याकाळी मासे घेऊन घरी आलो, तर व्हर्लीन स्वयंपाकघरात पेकन, म्हणजे आमच्याकडचे अक्रोडच म्हणा, फोडत बसली होती. आमच्या कुंपणालगत पेकनचं जुनं झाड आहे. यंदा खाली फारच थोडे पडले होते आणि मी महिनाभर खारींना शिव्या घालत होतो.

"कॉय येऊन गेला. तुझ्याशी बोलायला," ती म्हणाली.

"मग?"

"बोलला."

"कुणाशी?"

"तुझ्याशी. पायरीखाली हॅट हातात धरून उभा राहिला. म्हणाला, 'मिस्टर होरेस, तुम्ही का रागावलात ते मला माहीत आहे. तुमचे पेकन मीच उचलले. पाच बादल्या.'"

"पाच बादल्या!"

"मी जाळीच्या दाराआड बसले होते. म्हटलं, 'ऐकलं त्यांनी, कॉय. दोन बादल्या परत आणून दे आणि विसरून जा.' हे काय, आणून दिल्या."

कॉयला बुजगावणं कसं ओळखता आलं नाही, हा प्रश्न मलाही पडला. मग लक्षात आलं. संध्याकाळी सूर्य आमच्या घरामागे असतो. पायरीवरच्या माणसाच्या डोळ्यांत ऊन आणि व्हरांड्यात काळोख. शिवाय अपराधी माणूस वर बघतच नाही!

बुधवारी तर रांग लागली. जो तो मनाशी धरून बसला होता, मेयर आपल्यावरच रागावलाय, आणि का ते आपल्यालाच ठाऊक आहे. चर्चची पियानोवाली येऊन कबूल करून गेली की ईस्टरला माझ्या एकट्याच्या गाण्यात तिने मुद्दाम घाई केली होती. एकाने माझ्याकडून नेलेली शिडी परत आणली. ती माझी आहे हे मी विसरलोही होतो. कबुल्या संपल्या की लोक जरा घुटमळत आणि मग मनातलं बोलत. दुसऱ्या गल्लीतलं गटार आठ महिने तुंबलंय. टेकडीवरचा दिवा लागत नाही. आमच्याकडे लग्न झालेल्या बाईंनाही मानाने 'मिस'च म्हणतात, तर मिस आर्झेला पेटस यांचे यजमान हॉइट सोमवारी गेले होते. वय एक्याण्णव. त्या बिचाऱ्या काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "होरेस, दफनभूमीचं मोठं फाटक दोन वर्षं उघडत नाही. माझ्या हॉइटला काय कुंपणावरून आत घ्यायचं?"

प्रत्येकाला जाळीआडून व्हर्लीनचा आवाज जाई, "ऐकलं बरं त्यांनी." मग ती फोन उचले. गटार त्याच संध्याकाळी मोकळं झालं. फाटक जेवणाच्या आधी उघडलं. हे सगळं ती मला रात्रीच्या जेवणाला सांगे आणि मी काटे काढत ऐके.

"बघ! मी गप्प बसलो तर केवढी कामं होतात!" मी म्हटलं.

"तेच म्हणते मी," व्हर्लीन म्हणाली.

पण एक गोष्ट मला खुपत होती. पायरीशी येऊन बोलणारे खूश होते, गाडीतून जाणारे मात्र अजून हात करत होते आणि दुखावून पुढे जात होते. मिस ओपल तर रोज फाटकाशी थांबून, "ताठ बस!" असं बुजगावण्याला ओरडून जात. गाडीवाल्यांसाठी काहीतरी करायलाच हवं होतं. मी खुर्चीमागे टेबलपंखा ठेवला, तो मान फिरवणारा, त्याच्या जाळीला दोरी बांधली, दोरी वरच्या आकड्यावरून घेऊन बुजगावण्याच्या कोपरात अडकवली. बटण दाबलं. पंख्याने मान फिरवली आणि दुसऱ्या होरेसने उजवा हात झकास वर केला. खाली आणला. पुन्हा वर! माझ्यापेक्षा डौलदार!

"हे थांबणार कधी?" व्हर्लीनने विचारलं.

"मी आलो की!"

गुरुवारी तीनला हॉइट पेटसची अंत्यविधीची प्रार्थना होती. नगराध्यक्ष म्हणून मला जायलाच हवं, आणि मी गेलोही. काळा सूट घातला, अडीचलाच व्हरांड्यातला पंखा सुरू करून ठेवला, दुसऱ्या बाकावर बसलो, खालच्या पट्टीत भजनं म्हटली, डोळे पुसले. खरंच पुसले. हॉइट चांगला माणूस होता. शेवटच्या 'आमेन'ला मी बाजूच्या दाराने सटकलो. मागे डबचा ट्रक चालूच होता. दफनभूमीत शंभर माणसं असतात, तिथे माझी गैरहजेरी कोण बघतो?

दफनभूमीकडे रस्ता कुठून जातो, हे मात्र मी विसरलो. मुख्य रस्ता एकच आहे, हे मी तुम्हाला वरच सांगितलंय. मला त्या दिवशी सांगायला कुणी नव्हतं.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही. पण गावातल्या प्रत्येकाने मला ते एकेकदा सांगितलंय, काहींनी अभिनयासह.

आमच्याकडे अंत्ययात्रा निघाली की समोरून येणारी गाडी कडेला थांबते. माणूस खाली उतरतो, हॅट काढून छातीशी धरतो आणि शेवटची गाडी जाईपर्यंत हलत नाही. मृताशी त्याचं भांडण असलं तरी हलत नाही. तर पुढे शववाहिका, मागे दिवे लावलेल्या एकतीस गाड्या, दुतर्फा गाव मान खाली घालून उभं. आणि माझ्या व्हरांड्यात मी! चौकड्यांच्या शर्टात. डोक्यावर हॅट. पायात पांढरे बूट. मागे रेलून, हसत हसत, शववाहिकेला हात करतोय! वर, खाली. वर, खाली.

पहिल्या गाडीत मिस आर्झेला होत्या. "थांबवा," त्या म्हणाल्या.

एकतीस गाड्या थांबल्या. आमचे पाद्री ब्रदर हॅस्केल उतरले आणि तरातरा पायऱ्या चढून वर आले.

"होरेस! अरे देवाच्या माणसा, हॅट तरी काढ!"

हात वर. खाली.

"दहा मिनिटांपूर्वी माझ्यासमोर रडत होतास! कपडे बदलून आलास? शरम नाही वाटत? मी तुझ्याशी बोलतोय, होरेस!"

वर. खाली. ब्रदर हॅस्केल मुळात शांत गृहस्थ, पण त्यांनाही सीमा आहे. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि खाली ओढला. तो खांद्यासकट निघून आला! पेंढ्याचा लोंढा त्यांच्या काळ्या कोटावर. ऑगस्टाहून आलेल्या पेटसांच्या एका चुलत बहिणीने किंकाळी फोडली आणि ती गवतावर आडवी झाली. ब्रदर हॅस्केल हातात माझा हात घेऊन तसेच उभे. मागे पंखा मान फिरवतोय.

व्हर्लीन त्या वेळी घरातच होती. पेटसांच्या घरच्यांसाठी चर्चमध्ये जेवण होतं आणि तिची मक्याची कॅसरोल ओव्हनमध्ये होती, ती न्यायला मागच्या दाराने आली होती. किंकाळी ऐकून ती तशीच बाहेर आली, दोन्ही हातांत स्वयंपाकाचे जाड मोजे. एका नजरेत तिला सगळं समजलं. तिने आधी पंख्याची पिन काढली. मग बुजगावण्याच्या डोक्यावरची हॅट काढली आणि स्वतःच्या छातीशी धरून खाली मान घातली. ब्रदर हॅस्केलनीही, काय करावं न सुचून, माझा हात छातीशी धरला. असे ते दोघे मिनिटभर उभे राहिले. मग व्हर्लीन खाली उतरून मिस आर्झेलांच्या गाडीपाशी गेली.

"तो पेंढा आहे?" मिस आर्झेलांनी विचारलं.

"हो, मिस आर्झेला. माझं चुकलं. शिवला मीच."

"होरेस कुठाय?"

चौतीस वर्षांच्या संसारात व्हर्लीन माझ्यासाठी कधी खोटं बोललेली नाही. हा तिचा एक दोष आहे.

"तळ्यावर."

"मग काल फाटकाचं मी कुणाला सांगितलं?"

"मला."

"आणि उघडलं कुणी?"

मिस आर्झेलांनी व्हर्लीनच्या त्या ओव्हनच्या मोज्यावर आपला हात ठेवला. मग ड्रायव्हरला म्हणाल्या, "चला. हॉइटला उशीर आवडत नसे."

सहा वाजता मी घरी आलो. अंगात काळा सूट, हातात सात मासे. खुर्चीत दुसरा होरेस, उघड्या डोक्याचा, एका हाताचा. व्हर्लीन दारात.

"आज कोण आलं होतं?" मी विचारलं.

"सगळे," ती म्हणाली.

त्यानंतरचे दोन दिवस मी घरोघर माफी मागत फिरलो. मिस आर्झेलांच्या पायरीवर उभा राहिलो तेव्हा माझी मान खरोखर खाली होती. मला लाज वाटली, हे मी इथे सरळ लिहितो. पुन्हा पुन्हा लिहिणार नाही. त्या म्हणाल्या, "मासे मिळाले का?" मी म्हटलं, सात. "हॉइटला कधी चारच्या वर मिळाले नाहीत," एवढं बोलून त्यांनी दार लावलं.

शनिवारी मेळ्यात मी मंचावरून साऱ्या गावासमोर झाला प्रकार सांगितला. लोक हसले! पोट धरून हसले! ट्रूडीने डोळे पुसले, कॉयने तर पाठीवर थाप मारली. बुजगावण्याला बक्षीस नाही मिळालं. परीक्षकांनी कार्डावर लिहिलं होतं, 'हात नाही'. पण मला त्याचं काय! लोक हसले म्हणजे विसरले, आणि विसरले म्हणजे मतं आपली. माझं राजकारणातलं ज्ञान हे असं आहे.

मंगळवारी मतदान झालं. आमच्या मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावाखाली एक रिकामी ओळ असते. तिथे हवं तर मतदाराने स्वतःच्या पसंतीचं नाव लिहावं. आजवर त्या ओळीत कुणीतरी आपल्या कुत्र्याचं नाव लिहायचं, एवढाच तिचा उपयोग. मी मत दिलं, घडी घातली, बाहेर येऊन सगळ्यांशी हस्तांदोलन केलं. मत कुणाला दिलं ते विचारू नका, मतदान गुप्त असतं.

संध्याकाळी नगरपालिकेत निकाल वाचला गेला. खुर्च्या भरलेल्या होत्या. मी विजयाचं छोटंसं भाषण खिशात ठेवलं होतं.

"होरेस टिडवेल, एकेचाळीस."

मला वाटलं ही पहिली पेटी.

"मिस ओपल गँट, एकशे अडुसष्ट." टाळ्या. मिस ओपल ताठ बसलेल्या. "आणि हाताने लिहिलेली नावं..." कारकून बाईंनी चष्मा पुसला. "व्हर्लीन टिडवेल, एकशे एकोणसत्तर."

मिस ओपल उठल्या. त्यांनी त्या चिठ्ठ्या मागून घेतल्या आणि एकेक करून डोळ्यांखालून घातल्या. मला वाटलं, फेरमोजणी मागणार.

"एकानेही स्पेलिंग चुकवलेलं नाही," त्या म्हणाल्या, आणि समाधानाने घरी गेल्या.

मी घरी आलो. व्हर्लीनला आधीच फोन आले होते. ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती, हात मांडीवर, मी तिला असं रिकामं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"होरेस, मी कुणालाही सांगितलं नव्हतं रे. देवाशपथ!"

"माहीत आहे."

"मी तर तुलाच मत दिलं."

"मला?"

"हो. म्हटलं, बिचाऱ्याला एक तरी असावं."

मी तिचं अभिनंदन केलं आणि गप्प राहिलो. आता ती रोज आठला नगरपालिकेत जाते. टेकडीवरचा दिवा लागला. कामं होतात, लोक खूश आहेत, मीही आहे म्हणा.

तुम्ही पिंडरव्हिलचे मतदार नाही, म्हणून तुमच्यापुरतं सांगतो. त्या दिवशी पडद्याआड पेन्सिल हातात घेतली, तेव्हा माझी खुर्ची पक्की आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. माझ्या एका मताने काय फरक पडणार! मग मला ते ओव्हनचे मोजे आठवले. वाटलं, बायकोने आपल्यासाठी एवढं केलं, कुणाला पत्ताही लागणार नाही, तर खालच्या त्या ओळीत तिचं नाव असावं.

एक तरी!